घरच्या घरी : कांद्याच्या टरफलांचा रंग

थोरल्याला आखूड झालेला पांढरा स्वेटर उसवून धाकटीसाठी विणायचा, तर नवा रंग हवाच. आणि आम्हां नांदगावकरांना कांद्याच्या टरफलांचा काय तोटा! मात्र लोकर अस्सल हवी. अॅक्रिलिकवर हा रंग चढत नाही.

100 ग्रॅम लोकरीला 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. पाणी निवल्यावर भिजवलेली लोकर घालून मंद आचेवर तासभर ठेवा. 100 ग्रॅम टरफले वेगळी उकळून गाळा. त्या निवलेल्या रंगात लोकर पुन्हा तशीच तापवा. खळखळ उकळी नको, लोकर आटते. सोनेरी-नारिंगी छटा खुलते.

भगिनींनो, हळदीच्या पिवळ्यावर भुलू नका. तो उन्हात लवकर उडतो. तुरटीने धरलेला टरफलांचा रंग त्याहून टिकतो. लोखंडी भांड्यात तो मळकट होतो, म्हणून मी स्टीलचे पातेले यासाठीच वेगळे ठेवले आहे.