गरोदरपणातली गाठ: ‘असेल’ नको, ‘आहे’ हवे

मंडळातल्या डोहाळजेवणांना आपण बायका डायपरपासून डेकेअरपर्यंत सगळे बोलतो, पण छातीत हाताला लागलेल्या गाठीविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. काढलाच तर स्वयंपाकघरात, हळू आवाजात, आणि उत्तर ठरलेले: “दुधाची गाठ असेल गं, बाळंतपणानंतर जाईल.” या उत्तराबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात मलाही अशी गाठ लागली होती. तेव्हा केलेले वाचन आणि भरलेली बिले दोन्ही अजून ताजी आहेत.

उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी उगाच घाबरायला नको. या दिवसांत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन वाढतात, दुधाच्या नलिका आणि ग्रंथी वाढू लागतात, स्तन जड आणि गाठाळ लागतात. आधीपासून असलेला, पण कधी न जाणवलेला फायब्रोअ‍ॅडेनोमा याच काळात वाढून हाताला लागतो. लॅक्टेटिंग अ‍ॅडेनोमा नावाची गाठ गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना होते आणि बहुधा आपोआप विरते. काही जणींच्या काखेतही स्तनाच्या ग्रंथींचा अंश असतो, तो सुजतो. खरी दुधाची गाठ, म्हणजे गॅलॅक्टोसील, बहुतेक करून बाळंतपणानंतर, बाळाचे अंगावरचे दूध तोडताना होते. तेव्हा पाचव्या महिन्यातल्या गाठीला आपण हे नाव सर्रास देतो, ते तसे चुकीचेच.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या ज्या गाठींची बायॉप्सी होते, त्यांतल्या सुमारे ८० टक्के साध्या निघतात. या काळातला कर्करोग विरळा, साधारण ३,००० गरोदरपणांमागे १. पण तो उशिरा सापडतो, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे “दुधाची असेल” म्हणून गेलेले महिने. हाताने चाचपून साधी गाठ कोणती आणि दुसरी कोणती हे या दिवसांत अनुभवी डॉक्टरांनाही सांगणे कठीण जाते. म्हणून दोन आठवड्यांत न गेलेली गाठ अल्ट्रासाउंडने बघून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. त्यात किरणोत्सर्ग नसतो. पोटातले बाळ ज्या ध्वनिलहरींनी बघतो, त्याच या. गरज पडली तर सुईची बायॉप्सीही जागेपुरती भूल देऊन गरोदरपणात करता येते. फक्त आपण गरोदर आहोत हे पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचले पाहिजे, कारण या दिवसांतल्या पेशी एरवीपेक्षा वेगळ्या दिसतात.

मला दवाखान्यात “डिलिव्हरीनंतर बघू” असेच सांगितले गेले. मी शांतपणे म्हटले, “ठीक आहे, मग गाठ लागली होती आणि तपासणी न करण्याचे ठरले, एवढे माझ्या चार्टवर लिहून ठेवा.” त्याच दुपारी अल्ट्रासाउंडची ऑर्डर निघाली! हे वाक्य जरूर पाठ करून ठेवा. रिपोर्टवर ‘बाय-रॅड्स ३’ लिहिलेले होते. शून्य ते सहा या मोजपट्टीवर तीन म्हणजे निम्मे पाणी डोक्यावरून गेले असे वाटते, पण ३ चा अर्थ ‘बहुधा साधी’, धोका २ टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. पुन्हा बघितले, गाठ होती तेवढीच होती.

आता पैशांचे. अमेरिकेत चाळिशीनंतरचा नेहमीचा मॅमोग्राम प्रतिबंधक म्हणून फुकट होतो. गाठ लागल्यावरची तपासणी निदानात्मक धरली जाते आणि बहुतेक प्लॅनमध्ये डिडक्टिबलला लागते. काही राज्यांनी कायद्याने हा खर्च माफ केला आहे, पण मोठ्या कंपन्यांचे सेल्फ-फंडेड प्लॅन राज्याच्या कायद्याखाली येत नाहीत, आणि आपल्यातले निम्मे लोक तिथेच नोकरीला! म्हणून प्लॅनला फोन करून ७६६४१ आणि ७६६४२ या कोडचा दर विचारावा. पण त्याआधी एक हिशेब करा. समजा डिडक्टिबल २,००० डॉलर, त्यापुढे २० टक्के आपले, वर्षाची कमाल मर्यादा ५,०००. बाळंतपणाचे बिल २०,००० झाले तर तुम्ही ५,००० भरणारच. त्याच वर्षात आधी ४०० डॉलरचा अल्ट्रासाउंड केला, तरी वर्षाअखेर भरलेले ५,००० च राहतात. मर्यादा गाठली नाही, तरी जादा जातील ते ८० डॉलर. बाळंतपण पुढच्या जानेवारीत असेल तर मात्र ४०० खरेच खिशातून जातात, आणि तरीही ते द्यावेत.

“गरोदर बाईला कशाला घाबरवायचे?” असे काही जणी म्हणतील. रात्री कुशीवर वळताना हाताला तीच गाठ लागते, तेव्हा ती आधीच घाबरलेली असते. फक्त एकटी असते. आणि क्वचित वाईट निघालेच, तरी गरोदरपणात शस्त्रक्रिया होते, पहिले तीन महिने उलटल्यावर केमोही देता येते.

बाळंतपणाला आई किंवा सासूबाई येणारच असतील, तर डिंकाच्या लाडवांबरोबर घराण्याचा इतिहासही मागवून घ्या. आई, मावशी, आजी यांचे आपण विचारतो, आत्याला विसरतो. बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्याला हा आजार झाला होता का, आणि झाला तेव्हा तिचे वय काय होते, हे बाबांना फोनवरच विचारा.