हुलग्याची साखर

साखर म्हटली की आपल्या सांगली जिल्ह्यात कारखान्याचे गाळप आणि उसाचे बिल यांपलीकडे कोणी जात नाही. मला येथे वेगळ्याच साखरेविषयी लिहावयाचे आहे. ती हुलग्यात असते आणि आपल्या रक्तातही असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे काहीजण विचारतील. त्याचे उत्तर ओघात येईलच.

वनस्पतीच्या पेशीत प्रथिन तयार होते तेव्हा पुष्कळदा ते तसेच कामाला लागत नाही. त्याच्यावर साखरेच्या लहान साखळ्या जोडल्या जातात. पेशीतील एका जाळीदार भागात आधी चौदा मण्यांची तयार साखळी एकदम बसवली जाते, मग ती कातरली जाते, आणि पुढच्या भागात तिच्यात नवे मणी ओवले जातात. शास्त्रज्ञ याला ग्लायकोसायलेशन म्हणतात. संक्रांतीच्या हलव्यावर काटा चढतो तसेच काहीसे. पण हलव्याला काटा सगळीकडून येतो, प्रथिनावर साखर नेमक्या जागीच बसते. या साखळीत वनस्पती झायलोज नावाचा मणी घालते, माणसाचे शरीर घालत नाही. म्हणून वनस्पतीकडून माणसाचे औषध बनवून घेताना या मण्यांकडे बारकाईने पाहावे लागते. गाजराच्या पेशींत बनवलेल्या एका औषधाला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली आहे.

आता हुलगा. कोकणात याला कुळीथ म्हणतात. जत, आटपाडी, माण, खटाव इकडच्या माळावर दुसरे काही येत नाही तेथे हा येतो. बैलाला भिजवून घालायचा आणि उरला तर माणसांनी माडगे, शेंगोळे करून खायचे, अशी त्याची पत. पाहुण्यापुढे ठेवायला लोक लाजतात. त्याच हुलग्याचा अर्क घेऊन डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली दाखवून दिले की, तो काही माणसांच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो आणि काहींच्या करत नाही. बर्ड हे लष्करी वैद्यकीय सेवेतले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी काम केले. पुढच्याच वर्षी त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की, या अर्काने 'ए' रक्तगटातले ए-१ आणि ए-२ हे पोटभेद ओळखता येतात. बेताने पातळ केलेला अर्क ए-१च्या पेशी एकत्र चिकटवतो, ए-२च्या नाही. 'ए' गटाच्या पेशीवरील साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोजच्या जातीची एक साखर असते, आणि हुलग्यातले प्रथिन नेमकी तीच धरते. १९७० साली एट्झलर आणि कॅबट यांनी ते प्रथिन शुद्ध केले, तेव्हा ते स्वतःही साखर ल्यालेले निघाले. आजही रक्तपेढ्यांत ए-१ तपासायला ते वापरतात.

हे वाचून कोणी म्हणेल, आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊकच होते! नव्हते. माझ्या आजीला हुलगा शिजवता येत होता, रक्तगट नाही. शोधाचे श्रेय शोधणाऱ्याचेच. मला खंत आहे ती निराळी. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. येथे जे कानावर पडते ते संध्याकाळी घरी सांगावेसे वाटते. पण ग्लायकोसायलेशन हा शब्द घेऊन माधवनगरच्या घरात कसे शिरावे? हुलगा आमचा, रक्त आमचे, आणि मधला सगळा व्यवहार मात्र परक्या भाषेत!

आता त्या परक्या भाषेतले लोक काय करतात ते पाहा. अशा प्रथिनांना १९५४ साली बॉइड आणि शॅपली यांनी 'लेक्टिन' हे नाव दिले, ते लॅटिनमधील 'निवडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्या बायका सुपात धान्य घेऊन रोज जे करतात तेच! मग आपण 'निवडे प्रथिन' का म्हणू नये? आपले परिभाषाकार संस्कृतातून असा जड शब्द काढतात की, त्यापेक्षा इंग्रजी बरे वाटावे. हे काम विज्ञानवाल्यांचे एकट्याचे नाही. शब्द घडवणे हे भाषा शिकणाऱ्यांचे काम आहे, आणि आपण ते टाळून आलो आहोत. मराठी विभागाने विज्ञानाच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन भित्तिपत्रकावर दर आठवड्याला असा एक शब्द सोडवावा. पहिल्या आठवड्याला हुलगा मी लिहून देतो.