सोने लुटावे, अडगळ नव्हे

विजयादशमीच्या सायंकाळी सीमोल्लंघन करून परतलेला मनुष्य आपट्याचे पान थोरांच्या हाती ठेवतो, वाकून नमस्कार करतो आणि आशीर्वाद घेऊन पुढल्या घरी जातो. या देवघेवीत किंमत नाही, वेष्टन नाही, परतफेडीची चिंता नाही. चार दिवसांत पान सुकून जाते. देणाऱ्याचा भाव मात्र राहतो. याच दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वीस दिवसांत ज्या भेटवस्तू हल्ली आपल्या घरांत येतात, त्यांची कथा नेमकी उलटी आहे. वस्तू कपाटात वर्षानुवर्षे राहते. ती कोणी दिली आणि कोणत्या भावाने दिली, हे मात्र कोणास आठवत नाही.

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पूर्वी घराची गरज आधी ठरे, तिच्यासाठी पैसा साठविला जाई आणि मग मुहूर्त पाहिला जाई. आता हा क्रम पालटला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' या नावाने मोठी सवलतविक्री केली. त्यानंतर घरबसल्या खरेदीचा हा वार्षिक उत्सव आपल्या सणांच्या आधी येऊन उभा राहू लागला. २०२३ साली फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन या दोन्ही कंपन्यांची विक्री ८ ऑक्टोबरला सुरू झाली, तर २०२४ साली २७ सप्टेंबरला. पंचांग उघडून पाहावे. दोन्ही दिवस पितृपक्षातील आहेत. ज्या पंधरवड्यात अनेक घरांत नवे वस्त्रसुद्धा विकत घेत नाहीत, त्याच पंधरवड्यात त्याच घरांतील मंडळी रात्री जागून मोबाइलवर मागणी नोंदवीत होती.

२०२५ साली २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली. त्याच दिवशी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक वस्तू पाच व अठरा टक्के या दोन दरांत आल्या. दुसऱ्या दिवशी विक्रीची धूम सुरू झाली. कर उतरला हे चांगलेच झाले; ज्याला खरोखर गरज होती त्याला दिलासा मिळाला. व्यापाऱ्याने माल विकावा हा त्याचा धर्म, त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो घेणाऱ्याच्या विवेकाचा. स्वस्ताई म्हणजे गरज नव्हे. पाचशेची वस्तू तीनशेला मिळाली, म्हणून दोनशे वाचले असे जो गृहस्थ आनंदाने सांगतो, तो तीनशे खर्च झाले हे सांगावयास विसरतो.

या अनावश्यक खरेदीतूनच नकोशा भेटीचा जन्म होतो. एकावर एक मिळाले, तेव्हा त्यातले एक कोणाला तरी 'देऊन टाकावे' असे ठरते. सोनपापडीचा डबा या घरातून त्या घरात आणि तेथून तिसऱ्या घरात कसा प्रवास करतो, हे आता विनोदाचा विषय होऊन बसले आहे. ओटीत पडलेले ब्लाउजपीस वर्षभर तिच्या ट्रंकेतून हिच्या ट्रंकेत फिरते. त्याचा कोणी ब्लाउज शिवीत नाही, ते केवळ पुढच्या ओटीसाठी जपले जाते. संक्रांतीच्या वाणातील प्लॅस्टिकचे डबे, लग्नाच्या आहेरातील भिंतीवरची घड्याळे, वास्तुशांतीला आलेल्या देवांच्या तसबिरी, सर्वांची हीच गत. तसबीर तर टाकवतही नाही आणि लावावयास भिंत उरलेली नाही! लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापावी लागते, ती उगीच नव्हे.

हा अनुभव आपल्याच समाजापुरता नाही. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींना त्यांच्या स्वतःच्या लेखी काय मोल आहे, हे त्याने विचारले. दिलेल्या किमतीचा दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतचा भाग जणू हवेत विरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. देणाऱ्याला घेणाऱ्याची आवड ठाऊक नसते. म्हणजे वस्तू नकोशी ठरते ती घरी आल्यावर नव्हे. कोणाचाही चेहरा डोळ्यांपुढे न आणता ती विकत घेतली, त्याच क्षणी ती नकोशी झालेली असते.

आपल्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक; परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले ते राजस; अनादराने दिलेले ते तामस. दिवाळीतल्या आपल्या भेटींची यादी घेऊन प्रत्येकीपुढे यांपैकी एक नाव लिहून पाहावे. फार थोड्या ठिकाणी पहिले नाव लिहिता येईल.

दोन यज्ञांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेत्याचा पिता सर्वस्वदानाचा यज्ञ करतो. भाष्यकार त्याला विश्वजित् म्हणतात. पण दक्षिणेसाठी ज्या गाई नेल्या जातात, त्यांचे शेवटचे पाणी पिऊन झालेले, शेवटचे गवत खाऊन झालेले, दूध आटलेले. बालक नचिकेत हे पाहतो आणि अस्वस्थ होतो. अशा गाई देणारा आनंदशून्य लोकांतच जाणार, हे त्याला कळते. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रघुराजानेही विश्वजित् यज्ञच केला. त्याने सर्वस्व असे दिले की, दारी आलेल्या कौत्साला अर्घ्य देण्यासाठी त्याच्याजवळ मातीचे भांडे तेवढे उरले होते. यज्ञ एकच, परंतु एकाने नको ते दिले आणि दुसऱ्याने होते ते दिले.

वाजश्रवसाच्या या गाई आजही आपल्या दारांतून बाहेर पडत आहेत. २००४ साली त्सुनामीने तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग गेले. त्यातील पुष्कळसे कोळी बांधवांच्या उपयोगाचे नव्हते आणि ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या माणसानेही ज्याला हात लावला नाही, त्याला दान कसे म्हणावे? दूर कशाला जावे? फराळ संपल्यावर उरलेला, वास येऊ लागलेला मिठाईचा डबा घरकामाला येणाऱ्या बाईच्या हाती ठेवून आपण पुण्य जोडले असे मानणारी घरे थोडी नाहीत. ती बाई काही बोलत नाही. पण तिला सर्व कळते.

मग नकोशा वस्तूंचे करावे काय? टाकून द्याव्यात असे मुळीच नाही. जुन्या साड्या घेऊन त्यांबदली भांडी देणारी बोहारीण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दारावर येत असे. तेथे उपकाराचा आव नव्हता, चोख सौदा होता. देवीला अर्पण झालेल्या साड्या काही देवस्थाने प्रसाद म्हणून योग्य मूल्यात भाविकांना देतात. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा २०१९ पासून लिलाव होत आला असून ती रक्कम गंगाशुद्धीच्या कार्याला दिली जाते. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे व वस्तू निवडून, नीट करून खेड्यांत पोचविते. गावकरी विहीर, रस्ता असे गावाचे काम स्वतः ठरवून करतात आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून त्या वस्तू घेतात. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. यांतील समान सूत्र एकच: वस्तू उघडपणे, धड अवस्थेत आणि घेणाऱ्याचा मान राखून पुढे जाते. लपवून पुढे सरकविलेल्या डब्याचा भरवसा नाही. भागवतातील नृगराजाने एकदा दिलेली गाय नकळत दुसऱ्याला दिली आणि तो सरडा होऊन विहिरीत पडला. आपला डबा मूळ दात्याच्याच घरी परतला, तर तोंड लपवावयास विहीरही मिळणार नाही!

तथापि खरा उपाय याच्याही आधी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने आदेश काढला की, मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी दिवाळी व इतर सणांच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नये. सरकारला जे आदेशाने करावे लागते, ते गृहस्थाने संयमाने करावे. द्यावयाचे तर आधी माणूस आठवावा, मग वस्तू. एकट्या राहणाऱ्या वृद्ध मावशीला शोभेच्या दिव्यापेक्षा एका दुपारची सोबत हवी असते. आणि घेणाऱ्यानेही 'पुरे' म्हणावयास शिकावे. प्रतिग्रहास पात्र असूनही जो घेत नाही, त्याला दात्यांचेच लोक प्राप्त होतात, असे याज्ञवल्क्य सांगतात.

कौत्साने हेच केले. कुबेराने रघूच्या कोशागारात सुवर्णवृष्टी केली, रघू सर्व सोने देऊ लागला. पण कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटींवर एकही मुद्रा घेतली नाही. अयोध्येच्या नागरिकांनी दोघांनाही धन्य म्हटले. लोककथा पुढे सांगते की, उरलेले सोने वृक्षातळी राहिले, ते प्रजेने लुटले आणि तीच आपली आपट्याची पाने. म्हणजे आपण दसऱ्याला वाटतो ते सोने, एकाने हात आखडला नाही आणि दुसऱ्याने हात पसरला नाही, म्हणून शिल्लक राहिलेले आहे. यंदा पान हातावर ठेवताना दात्याची आठवण तर ठेवावीच; पण 'पुरे' म्हणणाऱ्या त्या शिष्याचीही ठेवावी.