गाण्याचा सातबारा

नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. १९८५ च्या आसपासची गोष्ट. मुंबईत फोर्टमधल्या आमच्या शाखेत गोव्याकडचे एक ज्येष्ठ सहकारी होते. दिवसभर लेजरमध्ये मान घालून बसणारा हा माणूस संध्याकाळी घरी गेला की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या लावून बसायचा. माहीमच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा ‘सोल’ ऐकले. शब्द निम्मेअधिक कळले नाहीत. पण गाणारा माणूस काहीतरी गमावून बसला आहे आणि ते लपवण्याच्या भानगडीत तो पडलेला नाही, एवढे पक्के कळले.

त्यांच्या वाढदिवसाला काहीतरी द्यावे म्हणून मी फुटपाथवरून एक कॅसेट घेतली. त्या गायकांची बारा गाजलेली गाणी, झगझगीत वेष्टण, पगाराच्या मानाने महागच. मोठ्या उत्साहाने लावली आणि पहिल्याच गाण्याला चुकचुकल्यासारखे झाले. गाणे तेच, गळाही ओळखीचा, पण ढोल पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजत होता आणि आवाज वरच्या पट्टीशी पोहोचता पोहोचता मागे फिरत होता. सहकाऱ्यांनी चष्मा लावला, वेष्टण उलटेसुलटे केले आणि तळाची मुंगीच्या अक्षरातली ओळ मला दाखवली. मूळ कलाकारांनी ही गाणी पुन्हा गायली होती. ते हसून म्हणाले, “अरे, माणूस तोच आहे. दिवस तो नाही.”

मला फसवले गेल्यासारखे वाटले. पुढे कितीतरी वर्षे अशी ‘पुन्हा गायलेली’ गाणी मी भेसळीच्या खात्यात टाकत आलो. ती नोंद चुकीच्या खात्यात पडली होती, हे कळायला निवृत्ती यावी लागली. बँकेत चुकीची नोंद सापडली की ती दुरुस्त करून खाली सही करावी लागते. आजचा लेख म्हणजे ती सही.

सोल हे संगीत चर्चमधून आले. तिथली भजने आणि बाहेरच्या नाचगाण्यांचा ठेका यांची सांगड १९५०च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्यांनी घातली. डेट्रॉइटमध्ये मोटाउन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स या दोन कंपन्यांनी १९६०च्या दशकात त्याला घराघरांत नेले. गाणारे बहुतेक गरीब घरांतले. ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ गाणारे पर्सी स्लेज अलाबामातल्या एका इस्पितळात मदतनिसाचे काम करीत. १९६६ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण गीतकार-संगीतकार म्हणून तबकडीवर स्लेज यांचे नाव नव्हते.

हे नाव कुठे असते आणि कुठे नसते, यातच सगळी मेख आहे. गाण्याचे उतारे दोन असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. पहिला गीतकार-संगीतकाराच्या किंवा त्याच्या प्रकाशकाच्या नावावर, दुसरा सहसा कंपनीच्या नावावर. ज्याच्या गळ्यातून गाणे आले, तो या दोन्ही सातबाऱ्यांवर अनेकदा नसतोच. कुळकायदा होण्याआधीच्या कुळासारखी त्याची गत. कसायचे त्याने, जमीन दुसऱ्याची.

आता हिशेब बघा. कंपनी गायकाला उचल देते. स्टुडिओचे भाडे, वादकांची बिदागी हा खर्चही बहुधा त्याच्याच नावे टाकते. रॉयल्टीतून आधी या साऱ्याची वसुली, मग उरले तर गायकाला. इथपर्यंत मी समजू शकतो, आयुष्यभर कर्जवसुली केली आहे. पण घरकर्जाचा शेवटचा हप्ता फिटला की आम्ही गहाण ठेवलेले कागद परत देत असू. या धंद्यात गायकाने स्वतःच्या कमाईतून पै न पै फेडली तरी मास्टर टेप कंपनीचीच. हप्ते फेडणाऱ्याने फेडले, घर मात्र बँकेचेच राहिले, असे एखाद्या खातेदाराला सांगून बघा.

स्टॅक्सची कहाणी तर आम्हा बँकवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी. ती कंपनी काढणारे जिम स्टुअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन, दोघेही मेम्फिसमध्ये बँकेत नोकरीला. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घ्यायला बहिणीने राहते घर गहाण टाकून अडीच हजार डॉलर उभे केले. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरे जोडून कंपनीचे नाव झाले. बंद पडलेल्या एका सिनेमागृहात स्टुडिओ थाटला. प्रेक्षकांसाठी केलेला जमिनीचा उतार तसाच राहिला आणि त्या उतारावर घुमणारा आवाज पुढे जगभर ओळखला गेला. गोरे आणि काळे वादक तिथे एकत्र बसून वाजवत, आणि तेही त्या काळातल्या मेम्फिसमध्ये.

वितरण न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे होते, आधी तोंडी विश्वासावर आणि १९६५ मध्ये रीतसर करारावर. स्टुअर्ट यांनी सही केली. पुढे अटलांटिकची विक्री झाली आणि १९६८ मध्ये संबंध तुटले, तेव्हा करारातले एक कलम वर आले. अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिकची! ओटिस रेडिंग यांची गाणी गेली. रेडिंग स्वतः १९६७ च्या डिसेंबरात, सव्विसाव्या वर्षी, विमान अपघातात गेले होते. सॅम आणि डेव्ह ही जोडी मुळात अटलांटिकच्या करारावरची, तीही परत गेली. बँकेत काम केलेल्या माणसाने कलम न वाचता सही करावी, याचे मला प्रथम नवल वाटले. मग आठवले की आमच्याकडेही हुशार माणसे जामीनदार म्हणून अशाच सह्या करीत. समोरचा ओळखीचा असला की बारीक अक्षरे कोण वाचतो? १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स दिवाळखोरीत निघाली. तिला तिथवर नेणारे थकीत कर्ज होते युनियन प्लँटर्स बँकेचे, म्हणजे जिथे बहीण पूर्वी नोकरी करीत होती तिचेच.

गायकाच्या हाती उरतो एकच कागद, त्याचा गळा. करारात बहुधा अट असते की अमुक इतकी वर्षे हेच गाणे दुसऱ्यासाठी गायचे नाही. ती मुदत संपली की मात्र तो पुन्हा गाऊ शकतो आणि ते नवे ध्वनिमुद्रण कुणाचे, हे नव्याने ठरवू शकतो.

त्यात अमेरिकेचा कायदाही विचित्र. तिथल्या नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. आजही नाही. ‘रिस्पेक्ट’ ओटिस रेडिंग यांनी लिहिले. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन यांनी ते असे गायले की जग ते त्यांचेच समजते, पण रेडिओच्या पैशांत त्यांचा वाटा नव्हता. उपग्रह आणि इंटरनेटवरच्या रेडिओसाठी गायकाला मोबदला देण्याची वाट १९९५ च्या कायद्याने उघडली. पण १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे तिथल्या केंद्रीय कायद्याच्या कुंपणाबाहेर होती. त्यांना आत घ्यायला २०१८ साल उजाडले. सोलचा बहर नेमका त्या कुंपणाबाहेरच्या वर्षांतला. तोवर कितीजण गेले होते, हे सांगायला नको.

पेन्शनचेही तेच. सॅम आणि डेव्हमधले सॅम मूर आणि इतर काही गायकांनी १९९३ मध्ये दावा लावला की आपल्या निवृत्तिवेतनाच्या फंडात कंपन्यांनी भरायला हवे तितके पैसे भरलेच नाहीत. प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी तडजोड झाली. दर महिन्याला पासबुक भरून आणणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना लाज वाटली. ज्या कॅसेटवर मी नाक मुरडले, तिच्यावरचे एखादे गाणे कुणाच्या घरभाड्यासाठी गायलेले असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

म्हणजे त्या कॅसेटी चांगल्या होत्या, असे मी म्हणत नाही. पुष्कळशा वाईटच होत्या. १९७० आणि ८०च्या दशकांत काही कंपन्यांनी हा धंदाच मांडला. जुन्या गायकाला बोलवायचे, एकरकमी पैसे टेकवायचे, वादकांऐवजी सिंथेसायझर लावायचा आणि गाणी उरकायची. मूळ गाण्यात गायक एकटा नसतो. स्टॅक्सच्या त्या उतारावर रोज एकत्र बसणारे चार-सहा वादक असत, एकमेकांचा श्वास ओळखणारे. गळा परत बोलावता येतो, ती खोली बोलावता येत नाही. स्टॅक्सची इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय झाले. या वाईट कॅसेटींचा दोष माथी मारला गेला गायकाच्या, कारण वेष्टणावर नाव त्याचे होते. तारीख बारीक अक्षरात आणि नाव ठळक, ही लबाडी कंपन्यांची.

पण पुन्हा गाणे म्हणजे केवळ पोटासाठी उगाळणे नव्हे. अरेथा यांनी १९६८ चे आपले ‘थिंक’ १९८० मध्ये ‘द ब्लूज ब्रदर्स’ या सिनेमासाठी नव्याने गायले. खाणावळीतली बाई नवऱ्याला दम भरते, असा तो प्रसंग. त्यांच्या उताराला लागलेल्या कारकिर्दीला त्या गाण्याने हात दिला.

दुसरे उदाहरण रे चार्ल्स यांचे. या माणसाने १९५९ मध्ये कंपनी बदलताना मास्टर टेपची मालकी स्वतःकडे राहील, असे कलम करारात घालून घेतले होते. अंध माणसाने ते बारीक अक्षर पाहिले, डोळसांच्या नजरेतून सुटले. तेव्हा त्यांना मालकीसाठी पुन्हा गाण्याची गरज नव्हती. तरी २००४ मध्ये, आजाराने पोखरलेल्या शरीराने, त्यांनी इतर गायकांबरोबर जोडीने गाण्यांचा एक संच केला. त्यात १९६७ चे आपले ‘हिअर वी गो अगेन’ ते नोरा जोन्स यांच्याबरोबर पुन्हा गायले. नोरा या आपल्या पंडित रविशंकरांच्या कन्या. पहिल्या वेळी ते गाणे होते पुन्हा त्याच प्रेमात पडणाऱ्या माणसाचे. दुसऱ्या वेळी आवाज चिरकतो, शब्दापाशी थांबतो, आणि मागून पंचविशीतल्या मुलीचा आवाज त्याला सावरून धरतो. जून २००४ मध्ये ते गेले, ऑगस्टमध्ये संच बाहेर आला आणि पुढच्या वर्षी त्याला आठ ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

तिसरे नाव विल्यम बेल यांचे. स्टॅक्सच्या पहिल्यावहिल्या गायकांपैकी एक. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हे गाणे त्यांनी बुकर टी. जोन्स यांच्यासह रचले आणि १९६७ मध्ये अल्बर्ट किंग यांनी ते अजरामर केले. २०१६ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा सुरू झालेल्या स्टॅक्सच्याच नावाखाली बेल यांनी ते आपल्या संचात गायले. त्या संचाला ग्रॅमी मिळाले. दुर्दैव पाठीशी लागल्याची तक्रार तरुणाने केली तर ती ऐट वाटते. पंचाहत्तरीच्या माणसाने केली की ती माहिती असते.

आपल्याकडे बुजुर्ग गवई एकच बंदिश पन्नास वर्षे गातो आणि ‘तरुणपणी गायलात तशीच गा’ असे आपण त्याला म्हणत नाही. उलट वयाने ती कशी पिकली, ते ऐकायला जातो. मग तबकडीवरच्या गायकावरच ही सक्ती का? कारण गायकाच्या गाण्याबरोबर आपल्याला आपले विसावे वर्षही परत हवे असते. ते त्याच्याकडे नसते आणि तो ते देणेही लागत नाही.

माझी मुलगी टेलर स्विफ्टची चाहती. या गायिकेने जुन्या गाण्यांची मालकी हातची गेल्यावर २०२१ पासून आपले चार संच पुन्हा गाऊन काढले. ते खपले, गाजले, आणि २०२५ मध्ये तिने मूळ ध्वनिमुद्रणेही विकत घेतली. मुलगी मोठ्या कौतुकाने सांगत होती, “बाबा, बघा, असे कुणी केले नव्हते.” तिला म्हटले, केले होते ग. फक्त त्यांच्यापाशी वकील नव्हते, भरलेली स्टेडियम नव्हती, आणि आमच्यासारखे श्रोते त्यांना भेसळ म्हणत होते.

मागणे दोनच आहे. गाणे विकणाऱ्याने, मग ते तबकडीवर असो की मोबाइलवर, ते कोणत्या वर्षी गायलेले आहे हे नावाइतक्याच ठळक अक्षरात लिहावे. आणि ऐकणाऱ्याने ते वर्ष वाचून त्या वयाच्या माणसाचे म्हणून ते गाणे ऐकावे. मूळ गाणे लावायला कुणाची मनाई आहे? तेही लावावे, मग हे लावावे.

ते सहकारी आता नाहीत. वाढदिवसाची भेट असूनही ती कॅसेट त्यांनी मला परत केली होती, “तूच ठेव, तुला पुढे लागेल” म्हणून. परवा कपाटात सापडली. फीत चिकटली आहे, वाजत नाही. वेष्टणावरची ती मुंगीच्या अक्षरातली ओळ मात्र अजून वाचता येते. आता चष्मा मला लावावा लागतो, एवढेच.