हेतू : खाणे आणि खरेदी

"पर्पज ऑफ व्हिजिट?" व्हिसा एजंटच्या ऑफिसातल्या पोराने पेन सरसावून विचारलं.

मी घसा खाकरला. बँकेत एकतीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासण्यात गेल्यामुळे रिकामा रकाना दिसला की माझ्या अंगात शिस्त संचारते. सिंगापूरच्या नगररचनेचा अभ्यास वगैरे काहीतरी भारदस्त मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "खायला आणि खरेदीला."

पोराने 'टुरिझम' असं लिहिलं आणि विषय संपवला. त्याच्यापुरता तो संपला. आमच्या नातेवाइकांत तो तिथूनच सुरू झाला.

वाचकहो, मराठी माणसाला कारणाशिवाय घराबाहेर पडता येत नाही. काशीला जायचं ते पुण्यासाठी, कोकणात जायचं ते कुलदैवतासाठी, आणि महाबळेश्वरला जायचं ते डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून. परदेशाचं म्हणाल तर आपल्या पिढीला एकच कारण मान्य आहे, ते म्हणजे बाळंतपण. आम्हीही दोनदा अमेरिकेला जाऊन आलो. एकदा लेकीचं, एकदा सुनेचं. दोन्ही खेपेला सहा-सहा महिने. न्यू जर्सी कशी आहे असं कुणी हिला विचारलं, तर ही फक्त स्वयंपाकघरातल्या सिंकवरच्या खिडकीतून दिसणाऱ्या न्यू जर्सीबद्दल सांगू शकते. तिथे एक मेपलचं झाड आहे म्हणे. मात्र त्या प्रवासाला कुणी नाक मुरडलं नाही. उलट "केवढं केलंत हो मुलांसाठी!" असं सर्टिफिकेट मिळालं.

तेच चार दिवस सिंगापूरला जातो म्हटल्यावर आमचे थोरले साडू म्हणाले, "चार दिवस? आणि पाहणार काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "खाणार. आणि बाजारात हिंडणार."

साडूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर लग्नात पहिल्याच पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेली असते. "अहो, त्यासाठी परदेशात कशाला? खाऊगल्ली काय ठाण्यात नाही?"

साडूंना बोलण्याचा अधिकार आहे. त्यांनी चौदा दिवसांत युरोपातले आठ देश पाहिले आहेत. पॅरिसचं ते जगप्रसिद्ध संग्रहालय त्यांनी दीड तासात निकालात काढलं. त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला, हे मला माझ्या मेहुणीकडून कळलं. टूरबरोबर आचारी होता. आल्प्सच्या पायथ्याशी ते पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड जेवले, आणि परत आल्यावर जो तो भेटेल त्याला त्यांनी आल्प्सबद्दल तीन वाक्यं आणि श्रीखंडाबद्दल अकरा वाक्यं सांगितली. म्हणजे खायलाच गेले होते की! फरक इतकाच, की आम्ही तिथलं खायला निघालो होतो आणि हे इथलं तिकडे खाऊन आले. माझं भांडण आहे ते या ढोंगाशी.

आता सिंगापुरात 'पाहायचं' काय, तर मर्लायन. तोंड सिंहाचं, धड माशाचं, आणि तोंडातून पाण्याची चूळ. मीही त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढला, साडूंना पुरावा म्हणून. हा सिंहमासा कुठल्या पुराणातला, म्हणून चौकशी केली तर कळलं की १९६४ साली तिथल्या पर्यटन मंडळाचं बोधचिन्ह म्हणून तो जन्माला आला आणि १९७२ साली त्याचा पुतळा उभा राहिला. म्हणजे तो साडूंनी पाहावा म्हणूनच केलेला आहे! त्यात गैर काही नाही. पण एखाद्या गावाने पाहुण्यासाठी मुद्दाम मांडलेली वस्तू पाहिली तर 'गाव पाहिलं', आणि त्या गावचे लोक रोज जे खातात ते त्यांच्या शेजारी बसून खाल्लं तर 'पैसे खाण्यात घालवले', हा हिशेब बँकेत चालला नसता.

त्या पोराला उत्तर देताना ही खरंच बोलली होती, हे पहिल्याच सकाळी पटलं. नाश्त्याला भाजलेला पाव, त्यात नारळ-अंड्याचा गोड मुरंबा—त्याला 'काया' म्हणतात—आणि लोण्याचा जाड तुकडा. शेजारी जेमतेम उकडलेली दोन अंडी, वर काळा सोया सॉस आणि मिरपूड. ही चतुर्थी आणि शनिवार सोडून सगळं खाते. सुदैवाने गुरुवार होता. हा नाश्ता चीनच्या हाइनान बेटावरून आलेल्या लोकांमुळे रुजला, असं सांगतात. ही मंडळी तिथे उशिरा पोचली. तोवर बरे धंदे इतरांनी व्यापलेले. मग यांच्यातले कितीतरी जण साहेबाच्या घरी आचारी झाले, आणि साहेबाचा टोस्ट स्वतःच्या नारळाला चोपडून त्यांनी पुढे आपली कॉफीची दुकानं थाटली. एका बशीत केवढा इतिहास! साडूंच्या आठ देशांत तो त्यांना कुणी वाढला नसेल.

कॉफी मागणं मात्र परीक्षाच. नुसतं 'कोपी' म्हटलं तर आटवलेलं गोड दूध घातलेली. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे दूधही नाही आणि साखरही नाही. 'सिउ दाई' म्हणजे गोड कमी. कोसोंग शब्द मलायी, 'ओ' आणि 'सिउ दाई' चिनी बोलीतले. मला मधुमेह आहे. मी चार दिवस कोसोंग, कोसोंग असा जप केला. कुलदैवताचाही इतका केलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. सिंगापुरात रस्त्यावरच्या हातगाड्या पूर्वी आपल्यासारख्याच होत्या. सरकारने त्यांना परवाने दिले आणि १९८६पर्यंत सगळ्यांना छपराखाली, नळ-मोरी असलेल्या बाजारांत हलवलं. हॉकर सेंटर म्हणतात ती हीच. शंभराहून जास्त आहेत. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. (साडूंना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले. युनेस्को म्हटलं की ते उठून उभे राहतात.)

तिथली रीत अशी, की एकाने टेबल धरायचं आणि दुसऱ्याने गाळ्यापुढे रांगेत उभं राहून थाळी आणायची. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो, तसं ते लोक टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट टाकतात. जागा तुमची! चायना टाऊनजवळच्या मॅक्सवेल सेंटरमध्ये हिने पाकीट टाकलं, खुर्चीत ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, "जा. तो कोंबडीचा भात आणा. मी इथे आहे."

मी रांगेत वीस मिनिटं उभा होतो. पाच-सहा डॉलरचा भात. मनातल्या मनात साठाचा पाढा चालू होता. परत येऊन ट्रे ठेवला, समोर बसलो. दोन घास खाल्ले असतील, नसतील. ही एकदम थांबली.

"काय झालं? तिखट आहे का ती चटणी?"

"नाही हो," ती म्हणाली. "तेहतीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा वाढून आणलंत. आणि आपण दोघं एकाच वेळी जेवायला बसलोय. मला मध्ये उठायचं नाहीये."

मी म्हणणार होतो, की घरी आपण एकत्रच जेवतो. टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. पण मग आठवलं, की तिची खुर्ची ओट्याच्या बाजूची. पोळी तव्यावर, भात कुकरात, ताक फ्रिजमध्ये, आणि मीठ नेहमी तिच्याच हाताला लागेल अशा फळीवर. बाहेर हॉटेलात जातो तेव्हा बरोबर नातवंडं असतात, आणि त्यांच्या तोंडात घास जाईपर्यंत हिचा डोसा चामडं होतो. मी भात गिळला. घास बराच वेळ घशात होता.

जेवण झाल्यावर मी सवयीने उठलो आणि हात धुवायला निघालो. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी ट्रेकडे बोट केलं. आपला ट्रे आपण उचलून ठरलेल्या रॅकवर नेऊन ठेवायचा, असा तिथे २०२१पासून कायद्याचा बडगा आहे. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलंत तर दंड. मी ट्रे उचलला. हाडं, वाट्या, चिमटीभर चटणी, सगळं सांभाळत रॅकपर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं तर आमची ही टाळ्या वाजवायच्या बेतात होती. जे काम माझ्या आईला, हिला आणि संत-सुधारकांच्या सगळ्या परंपरेला माझ्याकडून करून घेता आलं नाही, ते सिंगापूर सरकारने दुसऱ्याच दिवशी करून घेतलं. आणि हे म्हणे 'पाहण्यासारखं काही नाही'!

खरेदीबद्दलही हेच. "सगळं इथे मिळतं," हा दुसरा शेरा. अगदी बरोबर, मिळतं. १९९१नंतर आपल्याकडेही सगळं मिळायला लागलं. त्याआधी रिझर्व्ह बँक मोजून परकीय चलन द्यायची, आणि कुणाच्या घरी 'फॉरेनचा' साबण आला तर तो वापरायचा नसून शोकेसमध्ये ठेवायचा असे. त्या दिवसांत खरेदीसाठी जाणं म्हणजे गरज होती. आज ती गरज राहिलेली नाही, म्हणून तर खरी मजा आहे. हिने टेक्का मार्केटात दीड तास घालवला तो काय घ्यायला? शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता! विकत घेतलं काहीच नाही. भाव विचारले, शेंग नखाने दाबून पाहिली, एका तमिळ आजीबरोबर कुणालाच न समजणाऱ्या भाषेत सुरणावर चर्चा केली. घरी भाजी आणायची म्हणजे 'आज काय करू' हा धोंडा डोक्यावर असतो. तो उतरवून मंडईत हिंडणाऱ्या बाईचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम पाहिला. आसपासच्या भागाचं जुनं मलायी नाव 'कांदांग करबाऊ', म्हणजे म्हशींचा गोठा. गुरांचा व्यापार चाले तिथे. हे ऐकल्यावर हिला माहेरी आल्यासारखं वाटलं.

एक मात्र कबूल करतो. आमच्या खरेदीतली निम्मी खरेदी आमची नव्हती. निघण्याच्या आदल्या रात्री फोनवर याद्या यायला लागल्या. टायगर बाम सहा डब्या, कुऱ्हाड छाप तेल, चॉकलेटं ('पण ती इथली नकोत'), भाचेजावयाला सेंट. त्या याद्या घेऊन मुस्तफा सेंटरमध्ये शिरलो, आणि मजल्यामागून मजले पालथे घालताना मीच हरवलो. सुटकेसांच्या विभागात ही भेटली तेव्हा अडीच तास झाले होते. त्या अडीच तासांना मी सहल म्हणत नाही. ती हमाली होती. जी माणसं 'खरेदीला कशाला जाता' म्हणून नाक मुरडतात, त्यांनीच त्या याद्या पाठवलेल्या. सर्वांत लांबलचक यादी कुणाची होती हे सांगायची गरज नाही. तिच्यात तेलाच्या बाटलीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिलेला होता.

पैसे उधळले, हा शेवटचा आरोप. उधळले. पावत्या माझ्याकडे आहेत, तिथला नऊ टक्के कर धरून. शंभर डॉलरवरच्या खरेदीवर परदेशी पाहुण्याला तो कर विमानतळावर परत मागता येतो. तोही मी मागितला, एकतीस वर्षांची सवय. पण दोन बाळंतपणांच्या बारा महिन्यांत हिने किती डिंकाचे लाडू वळले याची पावती कुणी कधी मागितली नाही. ती बाजू मांडली, तर चार दिवसांचा ताळेबंद मी कुठल्याही ऑडिटरपुढे ठेवायला तयार आहे.

परतल्यावर साडू आणि मेहुणी आले, तेल न्यायला. साडूंनी बाटली उजेडात धरून पाहिली, टोपण उघडून वास घेतला आणि विचारलं, "बाकी पाहिलंत काय?" मी मर्लायनचा फोटो दाखवला. ते समाधान पावले. मग जेवणं झाली. साडू हात धुवायला उठले; ताट तिथेच. मीही उठलो होतो, पण हिची नजर पाहिली आणि मुकाट्याने माझं ताट उचलून सिंककडे निघालो.

मेहुणी माझ्या हातातल्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने हिला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "काय गं, तिकीट कितीला पडलं म्हणालीस?"