रिकामी जागा कोणासाठी?

हॅम्बर्गच्या बोर्नप्लाट्झवर १९०६ साली भव्य सिनेगॉग उभं राहिलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी त्याची नासधूस केली, १९३९ मध्ये ते पाडलं आणि पाडण्याचा खर्चही ज्यू समाजाच्याच माथी मारला. १९८८ साली शिल्पकार मार्ग्रिट काल यांनी तिथल्या फरसबंदीत गडद दगडांनी त्या इमारतीच्या छताच्या रेषा मूळ मापात आखल्या. भिंती नाहीत, घुमट नाही. नाहीशा झालेल्या छताचा नकाशा तेवढा पायाखाली.

हे स्मारक मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच २०२० मध्ये शहराच्या विधिमंडळाने तिथे पुन्हा सिनेगॉग बांधण्याला एकमताने पाठिंबा दिला, तेव्हा मी मनाने विरोधकांच्या बाजूला होतो. जखम बुजवली की गुन्हाही झाकला जाईल, असं मलाही वाटत होतं. आज वाटतं, ते म्हणणं सोयीचं होतं.

रिकाम्या जागेचे गोडवे गायला आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना काहीच पडत नाही. आपल्याला तिथे अर्थ दिसतो. ज्याला शनिवारी सकाळी प्रार्थनेला बसायचंय, त्याला बाक आणि छप्पर लागतं. शेजारच्या तालमूद तोरा शाळेच्या इमारतीत २००७ पासून ज्यू मुलं पुन्हा शिकताहेत, तीही पोलिसांच्या पहाऱ्यात. इतरांच्या पश्चात्तापासाठी त्यांनी हे मैदान अजून किती वर्षं मोकळं सोडायचं? आणि जागा पुरती रिकामी तरी कुठे होती? युद्धकाळात त्याच आवारात बांधलेला बंकर नंतरही दशकानुदशकं ठाम उभा होता!

मोशे झिमरमन यांच्यासारखे, हॅम्बर्ग सोडावं लागलेल्या कुटुंबातले इतिहासकारही पुनर्बांधणीच्या विरोधात बोलले. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. १९०६ चा घुमट जसाच्या तसा उभारला, तर मधे काही घडलंच नाही असा देखावा होईल. पण यातून एवढंच सिद्ध होतं की नक्कल नको. सिनेगॉगच नको, हे त्यातून निघत नाही. इमारत आजची असावी, आणि दगडी रेषांचं ते काम तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल असं जपावं.

मारेकऱ्यांनी काय केलं, याची आठवण त्यांच्या वारसांनी जरूर ठेवावी. त्यासाठी ज्यांचं देऊळ पाडलं, त्यांनाच उघड्यावर ठेवू नये.