जामीन, पॅरोल, फर्लो

एखादा चर्चेतला माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला, की मथळ्यात 'सुटका' हा शब्द येतो. खालच्या बातमीत जामीन, पॅरोल किंवा फर्लो यांपैकी जो आधी सुचेल तो पडतो. संजय दत्त येरवड्यात शिक्षा भोगत असताना त्याला फर्लोही मिळाली आणि पॅरोलही. लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्हींची सरमिसळ होऊन 'सुटला पुन्हा' एवढेच उरले. न्यायालयाच्या बातम्या वाचणाऱ्याने हे तीन शब्द वेगळे ओळखलेच पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. कारण त्यांच्यातल्या फरकावर माणसाच्या आयुष्यातले दिवस मोजले जातात.

जामीन सर्वांत आधी बाजूला काढू. तो मुख्यतः ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही त्याच्यासाठी असतो, किंवा शिक्षेविरुद्धचे अपील पडून असताना न्यायालय तो देते. जातमुचलका, जामीनदार, पुढची तारीख हे सगळे त्याच्याच भोवतीचे. देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांना पॅरोल किंवा फर्लो मिळण्याचा प्रश्नच नसतो, कारण त्यांना शिक्षाच झालेली नसते. तेव्हा 'आरोपीला पॅरोल' असे छापून आले, की बातमीदाराने त्या माणसाला खटला संपण्याआधीच दोषी ठरवलेले असते. ही चूक मला साधी वाटत नाही.

पॅरोल आणि फर्लो या दोन्ही शिक्षा झालेल्या बंद्याच्या रजा. महाराष्ट्रात त्या 1959 च्या नियमांनी मिळतात. हे नियम द्वैभाषिक मुंबई राज्याचे, म्हणून 1960 नंतर गुजरातकडेही तेच गेले. फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वागणूक चांगली असली, की वर्षानुवर्षांच्या कोंडीतून थोडे बाहेर यावे, घरच्यांशी नाते टिकावे, यासाठी ती असते. पॅरोलला कारण लागतेच. आई अंथरुणाला खिळली, मुलीचे लग्न ठरले, घरात मृत्यू झाला, असे काही घडावे लागते. फर्लोला कारण लागत नाही म्हणून ती हक्काची, असा समज मात्र चुकीचा आहे. गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये स्पष्ट सांगितले, की फर्लो हा निरपवाद हक्क नाही. समाजाच्या हिताला धोका दिसला तर ती नाकारता येते.

खरा फरक हिशेबात आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. दोन बंदी चौदा-चौदा दिवस घरी राहून परत आले, तर फर्लोवाल्याची शिक्षा चौदा दिवसांनी कमी झालेली असते. पॅरोलवाल्याला ते चौदा दिवस पुढे आतच काढायचे असतात. गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी मुदतपूर्व सुटकेसाठी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगवास झाला का, हे मोजताना पॅरोलचा काळ धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ते नाकारले. पॅरोलचे दिवस धरले, तर वजनदार कैदी पुन्हा पुन्हा पॅरोल मिळवून शिक्षा बाहेरच काढेल, ही भीती न्यायालयाने बोलून दाखवली. मला ती रास्त वाटते.

या गोंधळाला इंग्रजी मालिकाही हातभार लावतात. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग भोगल्यावर देखरेखीखाली मिळणारी मोकळीक. तिथे माणूस परत आत जाण्यासाठी बाहेर येत नाही. आपल्याकडे तो परत येण्याच्या बोलीवरच बाहेर पडतो. कोविडच्या काळात तर ब्रिटनमध्ये घरी बसवलेल्या कामगारांसाठी फर्लो हाच शब्द चालला.

गंमत नव्हे, अभिमानाची गोष्ट ही, की आपल्या कारागृह विभागाच्या मराठीत हा घोळ कधीच नव्हता. तिथे फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. पॅरोल मुळात फ्रेंच, अर्थ दिलेला शब्द. युद्धकैदी असा शब्द देऊन सुटत. फर्लो डचांकडून आलेला, सैनिकाच्या रजेचा. मराठी शब्द घडवणाऱ्याने अभिवचनात शब्द देणे अचूक पकडले, आणि संचितात आत काढलेल्या दिवसांच्या साठ्यावर मिळणारी रजा दाखवली. कोणते दिवस खात्यात जमा होतात, याचा इशाराच त्या नावात आहे. इतके नेमके शब्द हाताशी असताना आपली वृत्तपत्रे इंग्रजी शब्द वापरतात आणि तेही अदलाबदलीने, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मे 2020 मध्ये, कोविडच्या साथीत, महाराष्ट्राने नियम बदलून सात वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्या अनेक बंद्यांना आकस्मिक पॅरोलवर घरी पाठवले, आणि कच्च्या कैद्यांना त्याच साथीत तात्पुरता जामीन मिळाला. दोन्हींची बातमी 'कैद्यांची सुटका' अशीच आली. पॅरोलवर गेलेल्यांच्या घरी तेव्हाच कुणी नीट सांगायला हवे होते, की हे महिने शिक्षेतून वजा होणार नाहीत, उरलेली शिक्षा जिथल्या तिथे थांबली आहे.